वावरातून जाणारी वाट

केतकीचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. इकडे साडेबारा झाले होते, म्हणजे तिकडे सकाळचे आठ. "काकू, आई गेली," एवढंच ती म्हणाली आणि थांबली. मग जरा वेळाने नीट, एकेक शब्द जागेवर ठेवावा तसं तिने सांगितलं. चहा झाला होता. रोजच्यासारखं फिरायला निघायचं म्हणून कुसुमताई स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर बसून बूट चढवत होत्या. केतकी शाल आणायला आत गेली आणि परत आली, तर एक बूट पायात, दुसरा हातात, आणि डोकं दाराच्या चौकटीला टेकलेलं... तिला वाटलं, ऊन खात बसली आहे.

कुसुमताई माझ्या थोरल्या जाऊबाई. गुढियारीतल्या आमच्या घरात आम्ही दोघी अडतीस वर्षं एका चुलीवर राहिलो. त्या गेल्याला आता सात आठवडे झाले. या सात आठवड्यांत भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने मला एकच गोष्ट विचारली. एवढ्या लांब, परमुलखात, आपली चार माणसं जवळ नसताना जायची वेळ यावी, काय हे नशीब? पहिल्या काही जणांना मी उत्तर दिलं नाही. आता देते आहे. ज्यांना त्यांची कीव येते त्यांनी हे वाचावं, म्हणून लिहायला बसले आहे.

ताईंचं माहेर वर्ध्याकडचं, शेतकऱ्याचं. लग्न होऊन रायपूरला आल्या त्या रेल्वेत गार्ड असलेल्या माझ्या थोरल्या दिरांच्या घरी. पुढे भाऊजींनी गुढियारीत घर बांधलं आणि धाकटा भाऊ, म्हणजे माझे यजमान, त्यांनाही वरचा मजला दिला. भाऊजी सरळ माणूस, पण त्यांचा शब्द म्हणजे लाल सिग्नल. एकुलती एक मुलगी केतकी इंजिनिअर झाली, पुण्याला नोकरीला लागली, तिथून इंग्लंडला गेली आणि तिथल्याच एका मुलाशी, जेम्सशी, लग्न ठरवलं असं तिने फोनवर सांगितलं. जेम्स सुतारकाम करतो हे ऐकल्यावर तर भाऊजींचा पारा चढला. गोरा आणि वरून सुतार. "या घराचं दार तुला बंद," असं ते म्हणाले आणि फोन ठेवून जेवायला बसले. ताईंनी त्यांना वाढलं. मी ताक ढवळत होते. आम्ही दोघीही काही बोललो नाही.

ते दार दहा वर्षं बंद राहिलं. याच काळात एकदा दुपारी माझ्या बँकेला सुटी असताना घरचा फोन वाजला आणि मी उचलला. केतकी होती. "काकू, आई आहे का?" भाऊजी समोरच्या खोलीत पेपर वाचत होते. मी हळूच म्हटलं, "नंतर कर बेटा, आता नको." तिने नंतर केला नाही. मीही ताईंना काही सांगितलं नाही. ही गोष्ट मी पुष्कळ वर्षं कुणालाच सांगितली नव्हती, आणि ती इथे लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

भाऊजी गेले तेव्हा केतकीला कळवलं. तिने फक्त, "बरं, काकू," म्हटलं. त्यानंतर दीड वर्षाने एका संध्याकाळी जेम्सचाच फोन आला. आजवर कधी न बोललेला जावई. फोन माझ्याकडे दिला गेला, कारण घरात इंग्रजी बोलायची सवय मलाच होती. तो सावकाश बोलत होता, माझ्यासाठी की स्वतःसाठी कोण जाणे. मुलगी झाली आहे, तीन महिन्यांची आहे. केतकी तिला उचलून घेत नाही. जेवत नाही, बोलत नाही, अंथरुणातून उठत नाही. डॉक्टर आहेत, औषधं आहेत. पण ती झोपेत आई म्हणून हाक मारते. मी ताईंना शब्द न् शब्द मराठीत सांगितला. त्या कणीक मळत होत्या. हात तसेच पिठात ठेवून त्यांनी विचारलं, "पासपोर्टले किती दिवस लागते?"

त्या तेव्हा चौसष्ट वर्षांच्या होत्या आणि एकटीने नागपूरच्या पुढे कधी गेल्या नव्हत्या. पासपोर्ट, व्हिसा, लोकरी कपडे, सगळं होईपर्यंत दोन महिने गेले. त्या दोन महिन्यांत मी त्यांना एकदाही कच खाताना पाहिलं नाही. माझा मुलगा नीलेश सिलतऱ्याच्या एका पोलाद कारखान्यात आहे, त्याने कागदांची सगळी धावपळ केली. तो म्हणाला, "मोठ्याई, वहाँ भाषा का क्या करोगी?" ताई म्हणाल्या, "मी काय तिथं भाषण द्याले जाऊन राहिली का? पोरीले उठवाले जाऊन राहिली." बॅगेत त्यांनी डिंक, खारीक, मेथ्या, अळीव आणि तिळाच्या तेलाची एक बाटली भरली. विमानतळावर व्हीलचेअर घ्या म्हटलं तर ऐकेनात.

पुढचं मला नंतर थोडं ताईंनी आणि पुष्कळसं केतकीने सांगितलं. घर वेल्सच्या सीमेजवळच्या एका खेड्यात होतं. चाळीसेक घरं, एक चर्च, एक दुकान, दोन तासांनी येणारी बस, आणि चारी बाजूंनी सफरचंदाच्या बागा आणि मेंढ्यांची कुरणं. ताई पोचल्या तेव्हा केतकी पडद्याआड पडून होती. दहा वर्षांनी आई दारात उभी राहिली तरी ती भिंतीकडे तोंड करून राहिली. ताईंनी काही विचारलं नाही. बाळाला मांडीवर घेतलं, तेल कोमट केलं आणि मालीश सुरू केली. गाणी म्हटली, नातीशी बोलल्या. कसं बोलल्या? जसं वर्ध्याच्या वावरात त्यांची आई बोलायची तसं. दुसरी भाषा त्यांच्याजवळ नव्हती आणि आपल्या भाषेची त्यांना लाजही नव्हती.

डॉक्टरांची औषधं चालू होती, ताई त्यांच्या आड कधी आल्या नाहीत. औषधाची वेळ त्याच पाळायच्या. त्याशिवाय त्यांनी एक गोष्ट स्वतःच्या मनाने केली. घराच्या मागून एक पायवाट निघते आणि शेताशेतांतून तीन मैल जाते. तिकडे असा कायदाच आहे की, शेत कुणाचंही असो, जुनी वाट सगळ्यांची. ताईंना हे फार आवडलं. "दुसऱ्याच्या वावरातून जा, कोणी काहून गेला म्हणत नाही. फक्त फाटक लावून घ्या लागते," असं त्यांनी मला फोनवर कौतुकाने सांगितलं होतं. प्रत्येक शेताला एक लाकडी फाटक. ताईंनी केतकीला सांगितलं, आज पहिल्या फाटकापर्यंत यायचं. बाकी काही नाही. बोलू नको, हसू नको, पोरीला घेऊ नको. फक्त चाल. पहिल्या दिवशी केतकी दारापर्यंत येऊन परत फिरली. दुसऱ्या दिवशीही. ताई पाऊस असो, वारा असो, साडीवर जेम्सचा जाड कोट आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून, बाळाला पोटाशी बांधून सकाळी साडेआठला पायरीवर उभ्या राहायच्या. वाट पाहायच्या. नवव्या दिवशी केतकी पहिल्या फाटकाला हात लावून आली.

तिसऱ्या फाटकाशी तिचा बांध फुटला. केतकीने हे मला मागच्या महिन्यात सांगितलं, ताईंनी कधीच सांगितलं नव्हतं. चिखलात उभी राहून ती आईवर ओरडली. "दहा वर्षं माझी आठवण नाही आली तुला? आता माझी मुलगी सांभाळायला आलीस?" पलीकडच्या मेंढ्या चरायच्या थांबल्या, इतकी ओरडली म्हणे. ताई ऐकत राहिल्या. सगळं भाऊजींच्या रागावर त्यांनी ढकललं नाही, आणि ढकललं असतं तरी ते खोटं नसतं. त्या म्हणाल्या, "आठवण रोज आली. पण मी घाबरली होती. तुह्या बाबाले बी, चार लोकायले बी. माहं चुकलं. आता नाही घाबरत मी." मग त्यांनी फाटकाची कडी काढली आणि म्हणाल्या, "चाल. चौथं तिथंच हाये." केतकी म्हणाली, "काकू, मला वाटलं होतं ती रडेल, मी काहीतरी बोलेन, मग आम्ही दोघी गळ्यात पडू. तसं काही झालं नाही. आम्ही चौथ्या फाटकापर्यंत गेलो आणि मला खूप दिवसांनी भूक लागली."

त्या सहा महिने राहिल्या. परत आल्या त्या दिवशी मी विचारलं, पोरगी कशी आहे? "जेवते. पोरीले आंघोळ घालते. हसते बी, मधातमधात," त्या म्हणाल्या. पुढच्या वर्षी व्हिसा काढून पुन्हा निघाल्या, आणि मी नुकतीच बँकेतून निवृत्त झाले होते म्हणून मला म्हणाल्या, "तू बी चाल." माझे यजमान म्हणाले, जा. मी महिनाभर गेले.

तो महिना माझ्या आयुष्यातला फार साधा आणि फार सुखाचा महिना आहे. ऑगस्ट संपत आला होता. सकाळी जेम्स डबा घेऊन कामाला जायचा. जाताना "आई, येतो" असं अगदी स्पष्ट म्हणायचा, आणि ताई मागून, "जावई, टोपी घाला," म्हणायच्या. टोपी हा शब्द त्याला कळत होता, तो निमूट घालायचा. मग आम्ही तिघी आणि बाबागाडीत बसलेली केतकीची लेक मीरा फिरायला निघायचो. वाटेच्या कुंपणात काळ्या जांभळ्या रंगाच्या आंबटगोड बोरासारख्या फळांचे घोस लटकलेले असायचे. डबा भरला तरी ताईंचा पदर भरायचा राहायचा. बोटं जांभळी, मीराचं तोंड जांभळं, आणि काट्यांनी ओरबाडलेले हात. घरी येऊन त्याचा मुरंबा. रविवारी जेम्स बागेत सतरंजी टाकायचा, उकडलेली अंडी, पाव, काकडी, ताईंचं बेसनाचं धिरडं आणि थर्मासमधला चहा. चहात ताई आलं घालायच्या आणि जेम्सच्या वडिलांना तो इतका आवडला की ते दर रविवारी यायला लागले. तासन् तास कुणी काही खास बोलत नसे. ढग यायचे, जायचे. मी एकदा म्हटलं, आपण गुढियारीत असं गच्चीवर का नाही बसलो कधी? ताई म्हणाल्या, "बसलो असतो. वेळ होता. कोणी बसलंच नाही." खरं होतं ते. गच्चीवर आम्ही फक्त पापड वाळवले आणि कारखान्याची काळी धूळ झाडली.

शेजारी मार्गारेट नावाच्या ऐंशी वर्षांच्या बाई राहायच्या. कोंबड्या पाळायच्या, भाजी लावायच्या. त्यांना मराठी येत नव्हतं, ताईंना इंग्रजी येत नव्हतं, आणि दोघींची गट्टी अशी की सकाळी अकरा वाजता एकीच्या नाही तर दुसरीच्या ओट्याशी सापडायच्या. ही मैत्री एका भाजीवरून झाली. मार्गारेटबाई वाफ्यातलं तण उपटून फेकत होत्या. ताईंनी पाहिलं तर तो बथुआ, म्हणजे चाकवत. आपल्याकडे थंडीत बाजारात जुड्या येतात तोच. त्यांनी फेकलेला सगळा ढीग उचलला, धुतला, डाळ घालून शिजवला, लसणाची फोडणी दिली आणि वाटी नेऊन मार्गारेटबाईंच्या हातात ठेवली. त्या दिवसापासून त्या वाफ्यातला बथुआ कुणी उपटला नाही. मग वादळाने पडलेल्या कच्च्या आंबट सफरचंदांचं ताईंनी कैरीसारखं लोणचं घातलं. मार्गारेटबाईंनी त्याची एक बरणी गावच्या भाजीपाल्याच्या स्पर्धेत परस्पर नेऊन ठेवली. बक्षीस मिळालं नाही. परीक्षकाने बरणीपाशी एक चिठ्ठी ठेवली होती. ताईंनी मला विचारलं, "काय लिहिलं हाये?" मी म्हटलं, "चव चांगली आहे, पण तिखट फार आहे, असं." त्या समाधानाने म्हणाल्या, "मंग बरोबर लिहिलं. माणूस शिकलेला दिसते."

परत यायच्या आधी दोन दिवस आम्ही दोघीच सातव्या फाटकापर्यंत गेलो होतो. तिथून खाली नदी दिसते. तिथल्या बाकावर बसल्यावर मला राहवलं नाही आणि मी तो फोन सांगितला. केतकी बोलत होती, भाऊजी पेपर वाचत होते, मी नंतर कर म्हटलं, आणि तुम्हाला सांगितलं नाही. ताई नदीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मले माहीत हाये. मी दाराआड उभी होती." त्यांनी पुढे म्हटलं, "तू एकटी नको घेऊ अंगावर. तुह्या हातात फोन होता, माह्या पायात चार पावलं होती. दोघीयनं नाही टाकले." आणि थोड्या वेळाने, "म्हणून आता चालून राहिली. जेवढे दिवस हाये तेवढे." मला क्षमा मिळाली की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही. पण त्या उठल्या आणि त्यांनी माझा हात धरला, कारण बाकापासून उतार होता आणि मला सवय नव्हती.

मधली दोन वर्षं रोगराईत गेली. तेव्हा त्या रोज दुपारी फोनवर मीराशी बोलायच्या. त्यानंतर दरवर्षी एप्रिलमध्ये गेल्या आणि पितृपक्षानंतर परतल्या. यंदा फेब्रुवारीत त्यांना धाप लागायला लागली. इथल्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, हृदय थकलं आहे म्हणाले, लांबचा प्रवास टाळलेला बरा. नीलेश, माझे यजमान, मी, सगळ्यांनी विनवलं. मी तर भांडले. त्या शांतपणे औषधं डब्यात लावत होत्या. "घरी बसली तरी धडधड होतेच नं. मंग तिथं चालत होऊ दे. आन् पोरीले मी शब्द दिला हाये. एकदा नाही गेली दहा वर्षं. आता एक वर्षही नाही चुकवत." डॉक्टरांना त्या स्वतः पुन्हा भेटल्या, काय काय सांभाळायचं ते सगळं माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं, आणि गेल्या. केतकी सांगत होती, ते सगळं त्यांनी पाळलं. फक्त चालणं सोडलं नाही. उन्हाळ्यात पाचव्या फाटकापर्यंत जायच्या, पुढे पुढे दुसऱ्यापर्यंत. शेवटच्या दिवशी तेवढ्याचसाठी निघाल्या होत्या.

अंत्यसंस्कार तिकडेच झाले. सगळं गाव आलं होतं म्हणे. शवपेटी जेम्सने आपल्या हाताने केली, दोन दिवस तो दुसरं काही करत नव्हता. भाऊजींनी नाकारलेल्या त्या सुताराने. मी हे ऐकलं तेव्हा पहिल्यांदा मोकळेपणी रडले.

अस्थी घेऊन केतकी आणि मीरा मागच्या महिन्यात रायपूरला आल्या. अठरा वर्षांनी केतकी घराच्या दारात उभी होती. मी म्हटलं, "ये." तिला आत घेतलं, पाणी दिलं, आणि बसल्या बसल्याच तो फोनही तिला सांगितला. तिने पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "मला वाटायचं, काकूने सांगितलं आणि आईच आली नाही." मी म्हटलं, "मी सांगितलं नाही हेही खरं, आणि ताई दाराआड असून आल्या नाहीत हेही खरं." ती कडवट हसली, पण माझ्याजवळून उठली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही राजिमला संगमावर अस्थी सोडून आलो.

त्या दहा दिवसांत एक गोष्ट घडली ती सांगून थांबते. नीलेशची मुलगी आर्या नऊ वर्षांची आहे. आमच्या घरात आम्ही मराठीत बोलतो आणि मुलं हिंदीत उत्तर देतात, हे इतकी वर्षं चाललंय की आता कुणाच्या लक्षातही येत नाही. आर्याला मराठी समजते, पण तिने जन्मात एक अख्खं वाक्य मराठीत बोललेलं मला आठवत नाही. सात वर्षांची मीरा ताईंच्या खोलीत पलंगावर बसली होती. निळसर डोळे, पिंगट वेण्या. आर्या तिला खेळणी दाखवत होती आणि हिंदीत भराभर सांगत होती, ये मेरा है, वो पापा लाए थे. मीरा भुवया आकसून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तू काय बोलून राहिली? मले नाही समजत. मराठीत बोल नं." आर्याने माझ्याकडे पाहिलं. मी काही मदत केली नाही. तिने शब्द शोधले, दोन चुकले, एक हिंदीतलाच घातला, मीराने तो दुरुस्त केला. ज्या उच्चारात दुरुस्त केला तो उच्चार शाळेत शिकवत नाहीत, तो वर्ध्याच्या वावरातला होता. केतकी दाराशी उभी राहून ऐकत होती. आम्ही दोघीही तिथून हललो नाही.

मी माझा पासपोर्ट नूतनीकरणाला दिला आहे. एप्रिलमध्ये जाईन. मीराशी मराठीत बोलायला घरात आता एकटी केतकी आहे, आणि एकीने भाषा टिकत नाही. गुडघे दुखतात, पण पहिल्या फाटकापर्यंत जमेल, पुढचं पुढे पाहू.

परवा आर्या शाळेतून आली, दप्तर ताईंच्या पलंगावर टाकलं आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. काहीतरी जुळवत होती मनात. मग म्हणाली, "आजी, मीरा पुन्हा कधी येऊन राहिली?"